कम्बाइनची वैद्यकीय तपासणी: सेवा चोख, गिऱ्हाईक कच्चं

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, एप्रिलच्या अखेरीस होतो. पण कोणता खेळाडू किती खाली घसरणार, याचा बराचसा निकाल फेब्रुवारी-मार्चमध्येच इंडियानापोलिसमधल्या तपासणीच्या खोल्यांत लागलेला असतो. टीव्हीवर दिसतात ते चाळीस यार्डांचं धावणं आणि लांब उड्या. संघांचे डॉक्टर तिथे जातात ते मात्र गुडघे, खांदे, पाठी आणि हृदयं बघायला. कम्बाइन म्हणतात त्या या सामूहिक चाचणीचा जन्मच मुळी त्यासाठी झाला. पूर्वी प्रत्येक संघ पोरांना आपापल्या शहरात बोलावून तपासायचा आणि एकाच गुडघ्याचे दहा ठिकाणी एक्स-रे निघायचे. १९८२ मध्ये टॅम्पात खेळाडूंना एकत्र आणून ही उधळपट्टी थांबवायला सुरुवात झाली आणि १९८७ पासून मुक्काम इंडियानापोलिसला पडला, तो आजतागायत.

इथे या तपासणीकडे एक सेवा म्हणून पाहिलं आहे. तिची गिऱ्हाइकं ३२, म्हणजे प्रत्येक संघाचा, खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर. सेवा चांगली आहे का, आणि गिऱ्हाइकाला ती वापरता येते का, असे दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर बहुतांशी हो आहे. घोडं पेंड खातं ते दुसऱ्यापाशी.

आधी पदरात काय पडतं ते बघू. तीनशेहून अधिक खेळाडूंना निमंत्रण असतं. विद्यापीठाकडची कागदपत्रं, जुन्या शस्त्रक्रियांच्या नोंदी आणि जुने एमआरआय आधीच मागवलेले असतात. आल्यावर रक्त-लघवी, ईसीजी आणि शंका आली तर एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ज्या ज्या सांध्याला कधी काही झालं असेल त्याचा एक्स-रे, आणि कुठल्याही संघाच्या डॉक्टरने बोट ठेवलं तर एमआरआय. मग हाताने तपासणी. वेगवेगळ्या खोल्यांत निरनिराळ्या संघांचे अस्थिरोगतज्ज्ञ बसलेले असतात आणि खेळाडू एका खोलीतून दुसरीत फिरतो. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवून नडगी पुढे ओढायची, ही लॅकमन चाचणी. एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा मधला अस्थिबंध, शाबूत असेल तर ओढ एका जागी टचकन थांबते, सैल असेल तर थांबण्याची जागाच हाताला लागत नाही. एका सकाळी एकाच गुडघ्याला इतके हात लागतात की धडधाकट गुडघाही संध्याकाळी कुरकुरायला लागावा.

चित्रं आणि अहवाल सगळ्यांना सारखे मिळतात, अर्थ मात्र प्रत्येक संघ आपापला लावतो. ज्यांचं हाड किंवा कलम (तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवलेला कंडरा) अजून भरून यायचं आहे त्यांना एप्रिलमध्ये फेरतपासणीसाठी पुन्हा बोलावलं जातं. त्यानंतर संघाचा डॉक्टर शेरा देतो. कुणी आकडे वापरतं, कुणी अक्षरं, कुणी रंग. मथितार्थ चारच असतात: ‘निर्धोक’; ‘खेळेल, पण लक्ष ठेवा’; ‘आज खेळेल, पण कारकीर्द आखूड असेल’; ‘घेऊ नका’. शेवटचा शेरा पडला की बहुतेक संघांत ते नाव फळ्यावरून उतरतंच. मधले दोन शेरे पडले की खरं काम जनरल मॅनेजरचं, आणि तिथेच बहुतेकांची दांडी उडते.

या सेवेची जमेची बाजू म्हणजे लपलेलं शोधून काढणं. २०१३ मध्ये यूटा विद्यापीठाच्या स्टार लोटुलेलेईच्या एकोत हृदयाचा डावा कप्पा नीट जोर लावत नसल्याचं दिसलं. कम्बाइनमध्ये त्याला धावूही दिलं नाही. पुढच्या तपासण्यांत हृदय ठणठणीत निघालं आणि कॅरोलायनाने त्याला १४ व्या क्रमांकावर घेतलं. २०१८ मध्ये मिशिगनच्या मॉरिस हर्स्टच्या हृदयावर बोट ठेवलं गेलं. तो पहिल्या फेरीच्या गप्पांतून थेट पाचव्या फेरीत, १४० व्या क्रमांकावर गेला. रेडर्सनी त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने चार सॅक केले, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच चार वेळा पाडलं. दोन्हीकडे तपासणीने आपलं काम चोख केलं. शंका वेळेत वर आली आणि पुढच्या तज्ज्ञाकडे जायला दीड-दोन महिने हातात राहिले. हर्स्टच्या बाबतीत ३१ संघांनी मिळालेल्या माहितीचा अर्थ एका बाजूला झुकवून लावला असेल, पण तो दोष माहितीचा नव्हे.

ज्युलियो जोन्सचं प्रकरणही याच खात्यातलं. २०११ च्या कम्बाइनमध्ये त्याच्या पायात चीर सापडली आणि तशाच पायाने तो धावलाही. अटलांटाने क्लीव्हलँडला निवडींचा ढीग देऊन त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. पावलाच्या बाहेरच्या कडेचं, करंगळीच्या रेषेतलं हाड बुंध्याशी मोडलं की रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते सावकाश जुळतं, म्हणून आत स्क्रू घालतात, आणि स्क्रू घालूनही पुन्हा मोडण्याची भीती उरते. २०१३ मध्ये जोन्सचा तोच पाय पुन्हा मोडला आणि त्याला पाचच सामने खेळता आले. तरीही त्या निवडीला चूक म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. धोका खरा होता, तो प्रत्यक्षातही आला, आणि निर्णय बरोबरच होता. या तीन गोष्टी एकत्र नांदू शकतात हे ज्याला पचत नाही त्याने जनरल मॅनेजरांचा हिशेब मांडायला बसू नये.

उणी बाजूही आहे. तपासणी सांगते ती त्या दिवसाची अवस्था. शल्यचिकित्सेनंतर चार महिन्यांचं कलम बघून चार वर्षांचा अंदाज बांधायचा असतो. शिवाय डॉक्टरचा स्वतःचा हितसंबंध असतो. ‘घेऊ नका’ म्हटलेला खेळाडू दुसरीकडे चमकला तर त्याचं कोणी नाव काढत नाही. ‘घ्या’ म्हटलेला कोसळला तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं. त्यामुळे शेरे कडक होण्याकडे कल असतो. गुप्तता तर नावालाच. मार्चअखेरीपर्यंत कुणाच्या गुडघ्यात काय आहे ते वार्ताहरांच्या तोंडी असतं आणि अफवेनेही भाव पडतो. चतुर गिऱ्हाइकाचा यात फायदाच होतो म्हणा.

आता गाभ्याकडे. वैद्यकीय जोखमीचा खेळाडू घेताना पहिला प्रश्न ‘दुखापत किती मोठी’ हा नसतो. मोडलेलं आहे की झिजलेलं, हा असतो. भिंतीची भेग गिलाव्याची की पायाची, हे घर घेणारा जसं आधी विचारतो, तसंच. एकटा एसीएल तुटणं भयानक दिसतं, पण आजच्या घडीला ती दुरुस्तीची गोष्ट आहे. खेळाडूच्या स्वतःच्या गुडघ्याच्या वाटीखालचा, मांडीच्या मागचा किंवा पुढचा कंडरा काढून कलम बसवतात आणि नऊ ते बारा महिन्यांत तो मैदानावर परततो. कूर्चा झिजली असेल तर मात्र परत आणता येत नाही. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये हाडाला बारीक छिद्रं पाडतात, मज्जेतल्या पेशी वर येतात आणि तिथे नवं आवरण धरतं. पण ते मूळ कूर्चेच्या ताकदीचं नसतं आणि घर्षणाने पुन्हा उडतं.

त्यामुळे ‘एसीएलची शस्त्रक्रिया झाली’ एवढ्या बातमीला काही अर्थ नाही. पुढचं विचारायला हवं. पहिलीच वेळ की दुसरी? दुसरी असेल तर हाडातले जुने बोगदे रुंदावलेले असू शकतात. मग आधी त्यांत हाडाचा भराव घालायचा, तो धरेपर्यंत थांबायचं आणि मगच कलम, असं दोन टप्प्यांचं काम होतं. कलम स्वतःचं की मृत दात्याचं? तरुण खेळाडूंत दात्याचं कलम पुन्हा तुटण्याचं प्रमाण जास्त असतं. मेनिस्कस (गुडघ्याच्या सांध्यातली गादी) शिवला की कापून काढला? शिवला तर परतायला जास्त महिने लागतात, पण गुडघ्याचं आयुष्य टिकतं. कापला तर पोरगा महिना-दीड महिन्यात पळतो, आणि त्याची किंमत चौथ्या-पाचव्या वर्षी कूर्चा मोजते. ज्या जनरल मॅनेजरच्या बोलण्यात फक्त ‘डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला’ एवढंच येतं, त्याने यातलं काहीच विचारलेलं नाही असं खुशाल समजावं.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये या विषयाचा धडा दोन निवडींच्या अंतरात मांडून ठेवलेला आहे. नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ १ जानेवारीला फिएस्टा बोल या कॉलेज सामन्यात जखमी होऊन पडला. एसीएल आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध तुटला, शिवाय पेरोनियल मज्जातंतू दुखावला आणि पाऊल लुळं पडलं. दुसरा, यूसीएलएचा माइल्स जॅक. त्याचा मेनिस्कस आदल्या सप्टेंबरमध्ये फाटला होता, पण धसका होता तो कूर्चेचा. पुढे मायक्रोफ्रॅक्चर लागू शकतं, असं त्याने स्वतःच ड्राफ्टच्या तोंडावर बोलून टाकलं. दोघेही पहिल्या पाच-दहातले समजले जात होते. डॅलसने स्मिथला ३४ व्या, तर जॅक्सनविलने जॅकला ३६ व्या क्रमांकावर घेतलं.

मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापाशी इजा झाली तर खालच्या स्नायूंपर्यंत पोहोचायला त्याला महिनेच्या महिने लागतात, आणि दीडएक वर्षात तो पोहोचला नाही तर स्नायू त्याला ओळखायचं विसरतो. एप्रिलच्या फेरतपासणीत यातलं काहीही कळणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या दिवशी ३२ संघांना विकत मिळालेली माहिती जवळपास रिकामी होती. अपवाद एकच. स्मिथवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. डॅन कूपर हे डॅलस काउबॉइजचेच डॉक्टर होते. मज्जातंतू तुटलेला नाही, ताणलेला आहे, हे त्यांनी गुडघा उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून काउबॉइजचे मालक जेरी जोन्स यांचा तो जुगार इतरांनी केला असता त्या जुगारापेक्षा निराळा होता. एक गोष्ट खटकते ती खटकतेच: आपणच शिवलेल्या गुडघ्याला आपणच गुण द्यायचे, यात डॉक्टरचा तोल ढळायला कितीसा वेळ लागतो?

किंमत बघा. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी निवडींच्या अदलाबदलीचा भाव ठरवायला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये वापरलेल्या तक्त्यात पाचव्या निवडीला १७०० गुण आहेत आणि ३४ व्या निवडीला ५६०. तक्ता जुना झाला, उतरंडीच्या सुरुवातीच्या निवडींना तो जास्तच भाव देतो, पण प्रमाण समजायला पुरेसा आहे. सूट ११४० गुणांची, म्हणजे तेराव्या-चौदाव्या क्रमांकाची एक अख्खी निवड. शिवाय त्याच वर्षी चौथ्या क्रमांकावर इझेकियल एलियट मिळालेला असल्याने काउबॉइजना घाई नव्हती. २०१६ चा पूर्ण हंगाम स्मिथ बसून राहिला, २०१७ मध्ये पायात आधाराची पट्टी लावून सगळे १६ सामने खेळला आणि २०१८ मध्ये लीगमधल्या चांगल्या लाइनबॅकरांत (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंत) त्याची गणना झाली.

जॅकचं पहा. ज्या गुडघ्याची एवढी धास्ती घेतली त्याने पहिले तीन हंगाम काही अडवलं नाही. जॅक्सनविलने दोन जागा वर सरकायला पाचव्या फेरीची एक निवड तेवढी दिली होती. झिजेचा धोका लांबचा असतो आणि नवोदिताचा करार चारच वर्षांचा, हे गणित जॅक्सनविलचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डेव्ह कॉल्डवेल यांना जमलं. ३५ संघांनी दहा वर्षांचा गुडघा तपासला—बरोबर सांगायचं तर ३५ निवडींनी, काही संघांनी तर दोनदा—आणि विकत घ्यायची होती फक्त चार वर्षं.

या चार वर्षांवर जरा थांबायला हवं, कारण जोखमीचा सगळा बाजारभाव त्यावर ठरतो. २०१० पर्यंत पहिल्या निवडीचा सॅम ब्रॅडफर्ड पाच कोटी डॉलरची हमी घेऊन जात होता. २०११ च्या कामगार करारानंतर त्याच जागेवर आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सव्वादोन कोटींच्या आत बसला. जोखीम तेव्हापासून स्वस्त झाली, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे करार एक वर्ष लांबवण्याचा हक्क, मिळाला. पहिलं वर्ष दुखापतीत जाणार असेल तर हे पाचवं वर्ष सोन्याचं. ते फक्त पहिल्या ३२ निवडींना लागू असतं, म्हणून असा खेळाडू ३३ व्या क्रमांकापर्यंत थांबून घेण्यापेक्षा ३१-३२ वर चढून घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

पर्यायाची दुसरी बाजू रॉबर्ट ग्रिफिनच्या बाबतीत दिसली. २०१५ मध्ये वॉशिंग्टनने त्याचं पुढचं वर्ष उचललं. तेव्हाच्या नियमाने त्या १.६ कोटी डॉलरला दुखापतीची हमी होती. मग तो जखमी होऊन ते पैसे गळ्यात पडू नयेत म्हणून हंगामभर त्याला एकाही डावात उतरवलं नाही. आता २०२० च्या करारानुसार पर्याय उचलताच सगळी रक्कम हमीची होते, त्यामुळे हा खेळ संपला. मात्र मे महिन्यातला तो निर्णय आता डोळ्यांत तेल घालून घ्यावा लागतो.

आणखी एक कलम क्वचितच चर्चेत येतं. कॉलेजात जखमी झालेला खेळाडू लीगच्या भाषेत ‘फुटबॉलबाह्य दुखापती’च्या यादीत जातो. तिथे असेपर्यंत संघ त्याला पगार देण्यास बांधील नसतो आणि ते वर्ष त्याच्या सेवाकाळात धरलं जात नाही. स्मिथचं २०१६ असंच गेलं. परिणामी चार वर्षांचा करार संपल्यावरही तो पूर्ण मुक्त होणार नव्हता, डॅलसचा हक्क उरणार होता. पाचव्या वर्षाचा पर्याय नसताना मिळालेलं हे फुकटचं कुलूप. आणि नेमकं ते हातात असताना डॅलसने ऑगस्ट २०१९ मध्ये त्याला सुमारे ६.४ कोटी डॉलरचा नवा करार दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये काढूनही टाकलं. निवड उत्तम, दुसरा करार महागात पडलेला.

टॉड गर्लीचं तेच, फक्त मोठ्या आकड्यांत. नोव्हेंबर २०१४ मध्ये जॉर्जियात एसीएल तुटला. रॅम्स संघाचे जनरल मॅनेजर लेस स्नीड यांनी २०१५ मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक आणि २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू तोच. दोन वर्षांचे करार शिल्लक असताना २०१८ च्या जुलैत रॅम्सनी चार वर्षांचे सहा कोटी, त्यातले साडेचार कोटी हमीचे, असे मांडले. त्याच हंगामाच्या शेवटी गुडघा बोलू लागला आणि मार्च २०२० मध्ये गर्ली संघाबाहेर होता. ड्राफ्टच्या दिवशी ज्या डॉक्टरी फायलीने भाव पाडून घेतला, ती फाइल दुसऱ्या कराराच्या वेळी कपाटात राहते. रॅम्सचं कौतुक करणारे आणि त्यांना हसणारे दोघेही बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या तारखांबद्दल बोलत आहेत.

एकाच जनरल मॅनेजरचा चांगला आणि वाईट निर्णय शेजारी ठेवून बघायचा असेल तर टेनेसीचे तेव्हाचे जनरल मॅनेजर जॉन रॉबिन्सन. २०१९ मध्ये १९ व्या क्रमांकावर जेफ्री सिमन्स. ड्राफ्टच्या दोन-अडीच महिने आधी सराव करताना एसीएल गेलेला, पण सांधा एरवी कोरा आणि इजा पहिलीच. ऑक्टोबरात तो मैदानावर होता, पुढे प्रो बोल या लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि २०२३ मध्ये त्याला ९.४ कोटींचा करार मिळाला. २०२१ मध्ये २२ व्या क्रमांकावर केलेब फार्ली. आधी एकदा एसीएल गेलेला, मार्चमध्ये पाठीच्या मणक्यांतल्या चकतीची शस्त्रक्रिया झालेली आणि करोनामुळे आदला अख्खा हंगाम न खेळलेला. म्हणजे ताजी चित्रफीतही नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्याच सामन्यात पुन्हा एसीएल, दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठ. टेनेसीसाठी तो जेमतेम बारा सामने खेळला.

वरवर पाहता दोन्ही निवडी सारख्याच: पहिल्या दहांतली गुणवत्ता, विशीच्या आसपासची किंमत. पण सिमन्सला एक जखम होती, तिचं वेळापत्रक ठाऊक होतं. फार्लीला दोन जागांचा इतिहास होता आणि पाठीला वेळापत्रक नसतं. चकतीचा बाहेर आलेला तुकडा कापता येतो, चकती नवी होत नाही. त्यात फार्ली कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू. त्याला तर उलट्या पावलांनी धावत कमरेतून एका झटक्यात वळायचं असतं. तिथे जॉन्सन तक्त्यातली पाचशे गुणांची सूट म्हणजे काहीच नव्हे. फार्ली दुसऱ्या फेरीच्या शेवटी ठीक होता.

पाठीचं नाव काढलं की रॉब ग्रॉन्कोव्स्की आठवायचाच. ॲरिझोनातला २००९ चा हंगाम पाठीच्या शस्त्रक्रियेत गेला आणि न्यू इंग्लंडने २०१० मध्ये ४२ व्या क्रमांकावर घेतला. पुढे पाठीने त्याला सोडलं नाही, २०१६ चा हंगामही तिच्यापायी अर्धवट राहिला. पण ४२ वी निवड चुकली असती तर संघाचं फारसं बिघडलं नसतं, आणि साधली तेव्हा टाइट एंडची (अडवणारा आणि झेलही घेणारा आक्रमक) व्याख्या बदलली. फ्रँक गोर तर दोन्ही गुडघ्यांचे एसीएल शिवून २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोकडे आला आणि १६ हंगामांत बरोबर १६,००० यार्ड धावून गेला. गोर हा नियम नव्हे. त्याचं नाव सांगून कोणी दुसऱ्या फेरीतली निवड खपवू लागलं तर सावध व्हावं.

गोरचा मोह बहुधा सॅन फ्रान्सिस्कोलाच सर्वांत जास्त पडला. तिथले तेव्हाचे जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांनी २०१३ मध्ये ४० व्या क्रमांकावर टँक कॅराडाइन आणि १३१ व्या क्रमांकावर मार्कस लॅटिमोर घेतले. मग २०१४ मध्ये ब्रँडन थॉमस आणि कीथ रीझर, २०१५ मध्ये डिअँड्रे स्मेल्टर, २०१६ मध्ये विल रेडमंड. सगळे एसीएलवाले. लॅटिमोरचा २०१२ मधला उजवा गुडघा तर निखळून अनेक अस्थिबंध एकदम गेलेले होते, आदल्या वर्षी डावा. त्याने एकही सामना न खेळता २०१४ मध्ये निवृत्ती घेतली.

बाल्कींवर हसणं सोपं आहे. पण २०१३ मधला निर्णय हास्यास्पद नव्हता. संघ नुकताच सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळून आलेला, यादी भरगच्च, हातात निवडींचा ढीग, आणि नव्या पोराला लगेच जागा देण्याची गरज नव्हती. अशा संघाने वर्षभर वाट बघत बसणं परवडतं. फसगत पुढे झाली. २०१५ उजाडेपर्यंत प्रशिक्षक गेला, पॅट्रिक विलिस आणि जस्टिन स्मिथसारखे खांब निवृत्त झाले आणि खेळायला माणसं कमी पडू लागली. तरी बाल्की तेच धोरण चालवत राहिले. रेडमंडला घेतलं त्या २०१६ मध्ये संघाने १६ पैकी दोन सामने जिंकले. शिवाय एकाच प्रकारची जोखीम इतक्यांदा घेतली की संघाचं पुनर्वसन खातं कच्चं असेल तर सगळ्याच निवडी एकदम पाण्यात. ती सगळी गुणवत्ता म्हणजे लंकेतल्या सोन्याच्या विटा.

फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन तोच डाव निराळा खेळतात. २०१७ मध्ये सिडनी जोन्स, मार्चच्या प्रो डेला (विद्यापीठातच होणाऱ्या चाचणीत) अकिलीस, म्हणजे टाचेमागचा कंडरा, तुटलेला, ४३ वा. फसला. अकिलीस जुळला, पण मांडीचे स्नायू त्याला सारखे बाहेर बसवत राहिले. २०२१ मध्ये लँडन डिकर्सन, कॉलेजात दोन एसीएल आणि घोट्यांची रड, ३७ वा. साधला. तीन वेळा प्रो बोल आणि २०२४ मध्ये ८.४ कोटींचा करार. २०२२ मध्ये छातीच्या स्नायूच्या शंकेने ८३ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला नकोबी डीन. सगळे पहिल्या फेरीबाहेरचे, सगळ्यांना पहिल्या वर्षी बसवून ठेवता येईल अशी यादी. डिकर्सनबाबत आणखी एक गोष्ट: आक्रमक फळीतल्या माणसाला सुसाट पळायचं नसतं, त्यामुळे त्याच गुडघ्यावर तो कॉर्नरबॅकपेक्षा जास्त काळ टिकतो. दुखापत आणि जागा यांची अशी जोडी लावणं हेच या धंद्यातलं खरं कसब.

कधी कधी जोखीम भलत्याच दाराने आत येते. टुआ टॅगोवाइलोआचं खुब्याचं हाड नोव्हेंबर २०१९ मध्ये निखळलं, खोबणीची कड मोडली. मायामीने पाचव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा सगळा देश त्याच्या खुब्याच्या रक्तपुरवठ्यावर बोलत होता. खुबा टिकला. त्याला मुख्यतः बाहेर बसवलं ते डोक्याला बसलेल्या धक्क्यांनी, २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. खुब्यासाठी मायामीचे तेव्हाचे जनरल मॅनेजर ख्रिस ग्रिअर यांना दोष देता येत नाही. त्याच जागेचा, सहाव्या क्रमांकावर गेलेला जस्टिन हर्बर्ट का घेतला नाही असं विचारता येतं, पण तो प्रश्न डॉक्टरी नव्हे. मायामीचा जुना घाव मात्र डॉक्टरीच होता. २००६ मध्ये ड्रू ब्रीझच्या खांद्याला त्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला आणि संघाने डाँटे कलपेपर घेतला. ब्रीझ न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल देऊन मोकळा झाला.

गुण द्यायचेच तर तपासणीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो गळतीसाठी आणि मज्जातंतू, पाठ यांसारख्या ठिकाणी तिला फारसं सांगता येत नसताना इतरांइतक्याच ठामपणे शेरे दिले जातात म्हणून. गिऱ्हाइकांना सरसकट अडीच. रोझमन यांना चार, बाल्कींना २०१३ साठी साडेतीन आणि २०१६ साठी एक. रॉबिन्सन यांना सिमन्ससाठी साडेचार, फार्लीसाठी दीड.

पुढच्या ड्राफ्टला स्वतः हिशेब ठेवायचा असेल तर निवडीच्या रात्रीच चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: इजेची तारीख, ती कितवी, क्रमांक, आणि त्याच जागेचा पुढचा धडधाकट खेळाडू किती निवडींनंतर गेला. निकाल लागल्यावर लिहिलेल्या नोंदी आपल्याला हवं तेच सांगतात. एसीएल सप्टेंबर-ऑक्टोबरात गेला असेल तर जुलैच्या शिबिरात तो धावताना दिसायला हवा. जानेवारीत गेला असेल तर पहिले दोन-तीन महिने विसरा. मार्चमधला अकिलीस असेल तर तो हंगाम धरूच नका. मग ऑगस्टच्या अखेरीस, ५३ जणांची यादी ठरते तेव्हा, नाव कुठे आहे ते बघा. फुटबॉलबाह्य दुखापतीच्या राखीव यादीत गेला तर किमान पहिले चार सामने नाही. संघाने मे महिन्यात ‘शिबिरापर्यंत तयार’ म्हटलेलं असूनही तो तिथे दिसला, तर डॉक्टरी अहवाल आणि जनरल मॅनेजरचं तोंड यांत कुठेतरी फट आहे. त्याच्या पुढच्या अशा निवडीला आधीच एक गुण कमी धरावा.